४४×३३ की ५४×४०? मीडियम फॉरमॅट सेन्सरचा हिशेब कागदाच्या लांबीपासून

प्रश्न असा आहे: चित्रं, जुने नकाशे आणि पोथ्यांची पानं डिजिटल करायची आहेत. मापं ए३ पासून ए१ पर्यंत, आणि मागणी दर इंचाला ४०० पिक्सेलची. हाताशी ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आहे. आता १०० मेगापिक्सेलचा ४४×३३ मिमी सेन्सरवाला कॅमेरा घ्यावा, ५४×४० सेन्सरचा १५० मेगापिक्सेल बॅक (कॅमेऱ्याच्या मागे लावायचा सुटा सेन्सर) शोधावा, की सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळणाऱ्या ५० किंवा ८० मेगापिक्सेलवर भागवावं?

आधी उत्तर देतो. दर इंचाला ४०० हवेच असतील तर ए३ साठी ५० मेगापिक्सेल पुरतात, ए२ साठी १०० लागतात आणि ए१ एकाच फ्रेममध्ये फक्त १५० वर बसतो. तुमचं बहुतेक काम ए२ पर्यंतचं असेल तर ४४×३३ चा १०० मेगापिक्सेल घ्या. ए१ क्वचित येत असेल तर तो दोन फ्रेम जोडून करा, त्यासाठी १५० चा बॅक घेऊ नका. आता हे का, ते नीट बघू.

सुरुवात नावातल्या गफलतीपासून. ‘मीडियम फॉरमॅट’ हे एक माप नाही. फिल्मच्या काळात ६४५ म्हणजे साधारण ५६×४१.५ मिमी आणि ६×६ म्हणजे ५६×५६ मिमी. डिजिटलमध्ये या नावाखाली आज मुख्यतः दोन मापं विकली जातात. पहिलं ४३.८×३२.९ मिमी, बोलण्यात ४४×३३. फुजीफिल्मची संपूर्ण जीएफएक्स मालिका, हॅसलब्लाडची एक्स मालिका आणि पेंटॅक्स ६४५झेड यात येतात. दुसरं ५३.४×४० मिमी (बोलण्यात ५४×४०), म्हणजे फेज वन आयक्यू४ १५०. त्याआधीचे आयक्यू३ १०० आणि हॅसलब्लाड एच६डी-१००सी हेही जवळपास त्याच मापाचे. लायका एसचं ४५×३० मिमी हे तिसरंच माप, पण कॉपी वर्कच्या, म्हणजे चित्रं आणि कागद हुबेहूब टिपण्याच्या, बाजारात ते फारसं समोर येत नाही.

क्षेत्रफळ काढून बघा. फुल फ्रेम ३६×२४ म्हणजे ८६४ चौरस मिमी. ४४×३३ म्हणजे साधारण १४४०, फुल फ्रेमच्या १.६७ पट. ५४×४० म्हणजे साधारण २१३५, जवळजवळ अडीच पट. ४४×३३ सेन्सर ६४५ फिल्मच्या फक्त ६२ टक्के भरतो, त्यामुळे ‘फिल्मच्या मीडियम फॉरमॅटसारखा लूक’ या शब्दांवर पैसे मोजू नका. फुल फ्रेमपासून तो जितका दूर आहे, ५४×४० पासूनही जवळपास तितकाच दूर आहे.

आता मुख्य मुद्दा. मेगापिक्सेलच्या आधी पिक्सेलचं माप बघा. २०१८-१९ च्या सुमारास सोनीनं ३.७६ मायक्रॉनच्या एकाच पिक्सेलवर चार मापांचे सेन्सर दिले. एपीएस-सी मापात २६ मेगापिक्सेल (फुजीफिल्म एक्स-टी३), फुल फ्रेममध्ये ६१ (सोनी ए७आर ४), ४४×३३ मध्ये १०२ (जीएफएक्स १००) आणि ५४×४० मध्ये १५१ (आयक्यू४ १५०). एकाच ठाणातून फाडलेले हे चार तुकडे. कापडाचा पोत तोच, फक्त पन्हा वेगळा.

याचा अर्थ स्पष्ट आहे. तोच अपर्चर, तोच शटर, तोच आयएसओ ठेवलात आणि पडद्यावर १०० टक्क्यांना फाइल उघडलीत, तर ६१ मेगापिक्सेलचा पिक्सेल आणि १०२ मेगापिक्सेलचा पिक्सेल यांच्या नॉइजमध्ये सांगण्यासारखा फरक नसतो. पडताळायचं असेल तर जीएफएक्स १०० मध्ये ३५ मिमी फॉरमॅटचा मोड आहे. तो लावला की सेन्सरचा मधला फुल फ्रेमएवढा भाग वापरला जातो आणि साधारण ६१ मेगापिक्सेलची फाइल मिळते. तुमच्याकडचा कॅमेरा त्या सेन्सरच्या पोटातच बसलेला आहे. मोठ्या सेन्सरचा फायदा पिक्सेलच्या गुणात नसतो. तो कडेच्या जादा पिक्सेलमध्ये आणि त्यामुळे प्रिंटसाठी कमी लागणाऱ्या एन्लार्जमेंटमध्ये असतो.

जुन्या ५१ मेगापिक्सेलच्या ४४×३३ सेन्सरचा पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा. पेंटॅक्स ६४५झेड, जीएफएक्स ५०एस आणि हॅसलब्लाड एक्स१डी या तिघांतही तोच सेन्सर. म्हणजे मोठ्या सेन्सरवर भरड पोत. त्याची फाइल ८२५६×६१९२ ची. तुमच्या ६१ मेगापिक्सेलची ९५०४×६३३६. तपशील टिपायच्या कामात ५० मेगापिक्सेल ४४×३३ घेणं म्हणजे तुमच्यासाठी एक पाऊल मागे जाणं. ज्याच्याकडे काहीच नाही आणि ए३ पर्यंतचंच काम आहे, त्याला मात्र तो सेकंडहँडमध्ये उत्तम सौदा आहे.

कागदाचा हिशेब असा. ए३ म्हणजे १६.५×११.७ इंच. ४०० नं गुणा: ६६१४×४६७७ पिक्सेल. ५० मेगापिक्सेलमध्ये कडेला भरपूर जागा राहते, ६१ मध्येही. ए२ म्हणजे २३.४×१६.५ इंच: ९३५४×६६१४ पिक्सेल. इथे ६१ मेगापिक्सेल लांबीला पुरतो पण रुंदीला अडतो, कारण ६३३६ म्हणजे दर इंचाला ३८३, आणि कडेला कलर टार्गेट (रंग तपासायची पट्टी) व थोडी मोकळी जागा सोडली की ३६० च्या आसपास. १०२ मेगापिक्सेलच्या ११६४८×८७३६ मध्ये तोच ए२ ऐसपैस बसतो. ए१ म्हणजे ३३.१×२३.४ इंच: १३२४४×९३५४ पिक्सेल. १०२ ला हे झेपत नाही. १५० मेगापिक्सेलच्या १४२०४×१०६५२ मध्ये बसतं, पण लांबीला एकूण जेमतेम सात टक्के जागा उरते.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. काम देणाऱ्या संस्थेला ४०० ऐवजी ३५० चालत असेल, आणि ते लेखी मिळत असेल, तर ए२ साठीसुद्धा तुमचा ६१ मेगापिक्सेल पुरेसा आहे. नवा कॅमेरा घेण्याआधी हे विचारून घ्या.

फ्रेमचा आकारही हिशेबात धरा. मीडियम फॉरमॅटची फ्रेम ४:३, फुल फ्रेमची ३:२. कागदाची ए मालिका १.४१:१, म्हणजे दोन्हींच्या मधली. फुल फ्रेमवरून ४४×३३ वर गेलात की लांब बाजू २२ टक्क्यांनी वाढते, पण आखूड बाजू ३८ टक्क्यांनी. ४:३ च्या किंवा चौरसाकडे झुकणाऱ्या चित्रांसाठी ६१ मेगापिक्सेलमधले खरे वापरात येणारे पिक्सेल ५३ दशलक्षच असतात, आणि मग १०२ जवळपास दुप्पट ठरतो. उलट ३:२ च्या चित्रासाठी १०२ मधले ९० दशलक्षच वापरात येतात आणि फायदा दीडपट उरतो. पोथीचं पान लांबट आणि अरुंद असतं, त्याला मोठ्या सेन्सरचा सगळ्यात कमी उपयोग. अशा पानांसाठी नवा सेन्सर घेण्यापेक्षा पान दोन भागांत टिपणं शहाणपणाचं.

मेगापिक्सेलचे आकडे फसवतात, कारण तपशील लांबीत मोजला जातो आणि मेगापिक्सेल क्षेत्रफळात. ५० चे १०० झाले की दर इंचाचे पिक्सेल दुप्पट होत नाहीत, १.४१ पट होतात. १०२ वरून १५१ वर गेलात तर १.२२ पट. खिशातून जाणारी रक्कम मात्र कित्येक पटीनं वाढते, आणि त्यालाही कारण आहे. चिप छापणाऱ्या यंत्राचं एका वेळचं क्षेत्र २६×३३ मिमी असतं, त्याहून मोठा सेन्सर तुकड्यातुकड्यांनी जोडून छापावा लागतो. एका वेफरवर असे सेन्सर कमी बसतात, आणि एक दोष आला की अख्खा मोठा तुकडा वाया जातो.

आता प्रकाश. सेन्सर १.६७ पट मोठा म्हणजे तेवढ्याच एक्स्पोजरला एकूण प्रकाश १.६७ पट, म्हणजे पाऊण स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). ५४×४० चा फुल फ्रेमवर १.३ स्टॉप, आणि ४४×३३ वर फक्त अर्धा स्टॉप आणि थोडं. पण हा फायदा पुरेपूर मिळतो कधी? सेन्सर बेस आयएसओवर (त्याच्या सगळ्यात कमी मूळ आयएसओवर) काठोकाठ भरता आला तरच. कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा खांब), स्थिर वस्तू, हवा तेवढा प्रकाश असं तुमचं काम आहे, तेव्हा तुम्हाला तो मिळेल. बेस आयएसओ कमी असला तरी तोच परिणाम साधतो हे लक्षात असू द्या. निकॉन डी८५० चा बेस आयएसओ ६४. फुल फ्रेम सेन्सर ६४ वर भरला तर कागदावर तो १०० वरच्या ४४×३३ च्या अगदी जवळ येतो. हॅसलब्लाड एक्स२डीचा बेस आयएसओ ६४ आणि जीएफएक्स १०० II चा ८०, त्यामुळे तुलना करताना दोन्ही कॅमेरे आपापल्या बेस आयएसओवर ठेवा. सरसकट १०० वर तुलना करणं कुणा एकावर अन्याय करणारं ठरतं.

१६ बिटच्या फाइलबद्दल एवढंच सांगतो की १४ बिटपेक्षा फरक शोधायला सावली चार-पाच स्टॉपनं वर खेचावी लागते, तरीही तो क्वचितच दिसतो. चित्राच्या कॉपीत १४ बिट ठेवा.

डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र धारदार राहतं याचा, भाग सगळ्यात जास्त चुकतो. फुल फ्रेमशी तुलना करायला ४४×३३ साठी गुणक ०.७९, ५४×४० साठी ०.६५. फोकल लेंथ आणि अपर्चर दोन्हींना तो लावायचा. ४४×३३ वरचा ११० मिमी एफ/२ हा फुल फ्रेमच्या ८७ मिमी एफ/१.६ सारखा. म्हणजे ८५ मिमी एफ/१.२ लावलेला फुल फ्रेम कॅमेरा त्याहून उथळ डेप्थ देतो. कॉपीच्या कामात याचा त्रासच होतो. ६५० मिमी रुंदीची चौकट धरा, म्हणजे ए२ कागद आणि कडेला थोडी जागा. एफ/८ वर, एका पिक्सेलएवढाच अस्पष्टपणा चालवून घ्यायचा ठरवला, तर ६१ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर एकूण सुमारे २१ मिमी खोली मिळते, १०२ मेगापिक्सेलवर सुमारे १४ मिमी. एफ/५.६ वर ती १० मिमीवर येते. पोक आलेला कॅनव्हास किंवा घडीच्या रेषेवर उचललेला नकाशा सहज एवढा वर येतो. मग मधला भाग धारदार आणि घडीवरची अक्षरं सॉफ्ट, आणि दोष लेन्सला दिला जातो.

अपर्चर बंद करत गेलं की डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) आडवं येतं. हिरव्या प्रकाशासाठी बिंदूच्या चकतीचा व्यास मायक्रॉनमध्ये साधारण अपर्चरच्या आकड्याच्या १.३४ पट: एफ/५.६ ला ७.५, एफ/८ ला १०.७, एफ/११ ला १४.८, एफ/१६ ला २१.५ मायक्रॉन. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एफ/५.६ ला चकती दोन पिक्सेलएवढी असते. म्हणून या सेन्सरवर एफ/५.६ ते एफ/८ हाच कामाचा पट्टा. एफ/११ शार्पनिंगनं सावरता येतो. एफ/१६ वर १०० मेगापिक्सेलचे पैसे वाया जातात. ५.३ मायक्रॉनवर हेच गणित एका स्टॉपनं सरकतं, एफ/११ पर्यंत निर्धास्त जा.

आणि हे लक्षात घ्या: फुल फ्रेमवर एफ/८ ला जेवढी खोली मिळते तेवढीच ४४×३३ वर हवी असेल तर एफ/१० लागतो, ५४×४० वर एफ/१२. तिथे डिफ्रॅक्शनचं चित्राशी असलेलं प्रमाण तिन्हींकडे सारखंच होतं आणि मोठ्या सेन्सरची आघाडी बरीच वितळते. दागिने, शिल्पं, मूर्ती अशा खोलीच्या वस्तूंसाठी मोठा सेन्सर घेऊन एफ/१६ वर काम करणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्यांना सेन्सरपेक्षा फोकस स्टॅकिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र करण्याचा, उपयोग जास्त. सपाट कागदासाठी मात्र एफ/८ वर सगळे पिक्सेल कामाला येतात, म्हणूनच १०० मेगापिक्सेलची शिफारस तुमच्या कामासाठी करतोय.

लेन्सकडे वळू. ३.७६ मायक्रॉनची मर्यादा दर मिमीला १३३ रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी रेषा मिळून एक जोडी), ५.३ ची ९४. फिल्मच्या काळातल्या ६×६ किंवा ६४५ च्या लेन्स अडॅप्टरवर लावल्या तर मध्यभागी चांगलं काम देतात, पण १०० मेगापिक्सेलवर कोपऱ्यात अक्षरांना जांभळी-हिरवी किनार येते. ५० वर ती खपून जाते. कॉपीसाठी मॅक्रो लेन्सच घ्या, कारण त्यांचं फोकस क्षेत्र सपाट असतं. फुजीफिल्मची जीएफ १२० मिमी एफ/४ मॅक्रो हा साधा आणि भरवशाचा पर्याय. पण अंतर मोजून घ्या. ए२ ची ती ६५० मिमीची चौकट १२० मिमीनं भरायला लेन्सपासून कागद १.९ मीटरवर लागतो. टेबलावरच्या बहुतेक कॉपी स्टँडचा खांब एवढा उंच नसतो. ६३ मिमीनं तेच अंतर १ मीटर होतं. म्हणून एक तर ६३ मिमी घ्या, नाहीतर कागद भिंतीवरच्या बोर्डला लावून कॅमेरा समोर ट्रायपॉडवर. जुना नकाशा टाचण्यांनी लावायचा नाही, हे सांगायला नकोच. लोखंडी पत्र्याचा बोर्ड आणि कडेला, मध्ये कागदाची पट्टी ठेवून, हलके चुंबक.

ए१ साठी जोडकाम असं. १०२ मेगापिक्सेलची फ्रेम दर इंचाला ४०० पिक्सेलनं २९.१×२१.८ इंच व्यापते. कॅमेरा उभा धरून, म्हणजे फ्रेमची लांब बाजू कागदाच्या रुंदीकडे ठेवून, दोन फ्रेममध्ये ए१ पूर्ण येतो आणि मध्ये तब्बल १० इंचांचा ओव्हरलॅप मिळतो. ६१ मेगापिक्सेलनं तेच काम तीन फ्रेममध्ये होतं, आणि रुंदीला एकूण पाव इंचाहून थोडीच जास्त जागा उरते. कॅमेरा फिरवू नका, कागद किंवा बोर्ड सरकवा. दिवे कॅमेऱ्याच्या जागेशी बांधलेले राहू द्या, म्हणजे दोन्ही फ्रेमवरची उजळणी सारखी येते आणि जोड दिसत नाही.

पिक्सेल शिफ्टचा (सेन्सर अंशाअंशानं सरकवत घेतलेल्या फ्रेम एकत्र करण्याचा) पर्याय तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यातही असण्याची शक्यता आहे. ए७आर ४ मध्ये ४ फ्रेममधून प्रत्येक पिक्सेलला पूर्ण रंग मिळतो, १६ फ्रेममधून २४० मेगापिक्सेल. जीएफएक्स १०० मध्ये १६ फ्रेमचे ४०० मेगापिक्सेल. १६ फ्रेमच्या वाटेला जाऊ नका, एफ/८ वर तेवढा तपशील लेन्समधून येतच नाही. ४ फ्रेमची पद्धत मात्र सोन्यासारखी आहे. कॅनव्हासची वीण किंवा ऑफसेट छपाईचे ठिपके टिपताना येणारं रंगीत मॉयरे (मुळात नसलेली लहरींसारखी नक्षी) तिनं जवळजवळ जातं. या सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक नक्षी किंचित मऊ करणारा थर) नसल्यानं मॉयरे येणारच. अट एकच: फ्रेम घेताना जमीन हलता कामा नये. वरच्या मजल्यावर कुणी चाललं, बाजूनं ट्रक गेला किंवा छताचा पंखा चालू राहिला की अक्षरांच्या कडेला जाळीसारखा नक्षा उमटतो. तो दुरुस्त होत नाही, चारही फ्रेम पुन्हा घ्याव्या लागतात.

१०० मेगापिक्सेलवर इलेक्ट्रॉनिक शटरचं रीडआउट, म्हणजे सेन्सर ओळीओळीनं वाचणं, संथ असतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फ्रेमवर आडवे पट्टे येतात. शटर १/१०० च्या पटीत ठेवा, म्हणजे १/५० किंवा १/२५. त्याहून उत्तम म्हणजे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर फ्लॅश आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता एक्स्पोजर सुरू करणं). फ्लॅशनं कंपनाचा प्रश्नही मिटतो. वार्निश केलेल्या तैलचित्रांसाठी दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर लावलेत तर निदान दोन स्टॉप प्रकाश जातो, तेव्हा फ्लॅशची ताकद त्या हिशेबानं घ्या. बेस आयएसओ सोडावा लागला तर मोठ्या सेन्सरचा प्रकाशाचा फायदा तिथेच घटतो.

८० मेगापिक्सेलच्या जुन्या सीसीडी बॅकबद्दल. फेज वन आयक्यू१८० चा सेन्सर ५३.७×४०.४ मिमीचा, फाइल १०३२८×७७६०. आकड्यांत ए२ बसतो. पण लाइव्ह व्ह्यू इतकं संथ आणि दाणेदार की फोकस पडताळणं कष्टाचं, आणि बॅटरी वयानं थकलेल्या. त्याहून जुन्या बॅकना फायरवायर लागतं, ते आजच्या लॅपटॉपवर नसतं. सेन्सर भागाभागानं वाचला जातो, कॅलिब्रेशन बिघडलं की फ्रेमच्या मधोमध उभी सीमा दिसते, एका बाजूचा करडा थोडा वेगळा. करड्या कार्डाची फ्रेम घेऊन कॉन्ट्रास्ट वाढवून बघितल्याशिवाय असा बॅक घेऊ नका. बेस आयएसओवर रंग सुंदर देतात हे खरं, पण रोजच्या ८० पानांच्या कामाला ते सोबती नव्हेत.

फाइलींची जागा आधीच धरा. १०२ मेगापिक्सेलची अनकॉम्प्रेस्ड रॉ सुमारे २०४ एमबी, १६ बिट टिफ ६१० एमबी. १५० ची टिफ ९०० एमबी. फोटोशॉपची पीएसडी २ जीबीला थांबते, तेव्हा लेयर असलेली फाइल मोठ्या फाइलींच्या पीएसबी प्रकारात ठेवा. लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ वापरा, त्यात काही गमवावं लागत नाही.

पैसे देण्याआधी एक दिवस कॅमेरा आणि लेन्स भाड्यानं घ्या. बारीक छापील मजकुराची पाच पानं सपाट बोर्डवर लावा: एक मध्यभागी, चार कोपऱ्यांत. बोर्डच्या मध्यावर छोटा आरसा चिकटवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेऱ्याचा कोन आणि जागा जुळवा, म्हणजे सेन्सर आणि कागद समांतर झाले. मग एफ/४, ५.६, ८ आणि ११ वर एकेक फ्रेम. चारही कोपरे एफ/४ वर सारखेच सॉफ्ट असतील आणि एफ/८ वर एकत्र सुधारत असतील तर लेन्स ठीक. एकच कोपरा मागे राहिला तर कॅमेरा उलटा करून तीच फ्रेम पुन्हा घ्या. दोष आता बोर्डच्या समोरच्या कोपऱ्यात गेला, तर तो लेन्समध्ये आहे, ती लेन्स घेऊ नका. जागेवरच राहिला तर बोर्ड वाकलेला आहे किंवा आरसा नीट बसलेला नाही.